चीनचा १९५० चा विवाह कायदा: खेड्यातल्या बाईला घटस्फोट मिळायचा तरी कसा?

सोनसळी

नव्या चीनच्या पहिल्या सात-आठ वर्षांतल्या सामाजिक बदलांवर मोठा लेख लिहिते आहे. जमिनीचं फेरवाटप, साक्षरता, शहरांतल्या मोहिमा हे भाग जमले, विवाह कायद्याशी मात्र गाडी अडली आहे. वाचावं तिथे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, या कायद्याने हजारो वर्षांची बेडी तोडली. दुसरा म्हणतो, कायदा कागदावरच राहिला. मला या दोन्हींच्या मधलं हवं आहे.

समजा १९५१ सालचं एक खेडं आहे. लहानपणी देज (मुलीच्या बदल्यात वराकडून घेतलेला पैसा) घेऊन दिलेली एक बाई आहे, घरात मारहाण आहे, तिला सुटायचं आहे. ती आधी कुणाकडे जाणार? कागद कुठला लागायचा? निकाल कुणाच्या हातात? नवऱ्याच्या घराला मिळालेल्या जमिनीत तिचा वाटा निघायचा का? आणि हे सगळं नेमकं कुठे अडायचं? जाणकारांनी कृपया पायरीपायरीने सांगावं.

तळटीप

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, म्हणजे तो कुठे फसला ते दाखवता येईल.

कायदा छोटा आहे. आठ प्रकरणं, २७ कलमं. १३ एप्रिल १९५० ला मंजूर झाला आणि १ मे पासून लागू. पहिल्या दोन कलमांतच सगळा जोर आहे: सक्तीची व ठरवून लादलेली लग्नं रद्द, दोन बायका करणं, उपपत्नी ठेवणं, बालवयात वाग्दान, विधवेच्या पुनर्विवाहात आडकाठी आणि लग्नाच्या निमित्ताने पैसा किंवा वस्तू उकळणं यांना बंदी. वय पुरुषाचं २०, बाईचं १८. दोघांनी स्वतः सरकारी कचेरीत हजर राहून नोंदणी करायची. आईबापांची सही लागत नाही, त्यांची संमतीही लागत नाही. खेड्याच्या दृष्टीने ही फार मोठी उलथापालथ होती, कारण तोवर लग्न दोन घरांमध्ये ठरायचं आणि मध्यस्थ व देज या दोन गोष्टींनी ते पक्कं व्हायचं.

घटस्फोट कलम १७ मध्ये आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

दोघांनाही हवा असेल तर प्रकरण कोर्टात जातच नाही. विभागाच्या सरकारी कचेरीत दोघांनी जायचं. (उतरंड अशी: गावं, काही गावांचा मिळून शियांग, त्यावर विभाग म्हणजे छू, त्यावर काउंटी म्हणजे श्येन.) तिथे दोन गोष्टी तपासायच्या, दोघांची खरोखर इच्छा आहे का आणि मुलांची व मालमत्तेची सोय लागली आहे का. लागली असेल तर विलंब न लावता दाखला द्यायचा.

एकालाच हवा असेल तर विभागाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा. तो फसला की प्रकरण काउंटीच्या किंवा शहराच्या न्यायालयाकडे पाठवायचं. न्यायालयानेही आधी समेट करून पाहायचा, मगच निकाल द्यायचा. याच कलमात एक वाक्य मुद्दाम घातलेलं आहे: विभागाच्या कचेरीने कुठल्याही पक्षाला न्यायालयात जाण्यापासून अडवू नये. असं लिहावं लागलं याचाच अर्थ अडवणूक होणार हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं.

आता ती बाई प्रत्यक्षात कुठे अडकायची ते पाहा.

पहिला अडसर गावातच. विभागात जायचं तर गावच्या कार्यकर्त्यांकडून ओळखीचं पत्र न्यावं, अशी रीत होती. कायद्यात ही अट कुठेच नाही, पण पत्राशिवाय विभागातला कारकून दाद देत नसे. पत्र देणारे म्हणजे गावचा प्रमुख, शेतकरी संघटनेचा अध्यक्ष, मिलिशियाचा (गावच्या सशस्त्र तुकडीचा) म्होरक्या. बहुतेक सगळे पुरुष, आणि त्यातले बरेच तिच्या नवऱ्याचे भाऊबंद, कारण अनेक गावं एकाच कुळाची असत. ते पत्र देत नसत, "आधी घरी नांदून बघ" म्हणत किंवा सरळ सासूला जाऊन सांगत. यातला तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा.

दुसरा अडसर समेटाचा. कायद्यात समेट ही एक पायरी आहे, व्यवहारात ती भिंत झाली. किती वेळा समेट करायचा याला मर्यादा नव्हती. गावात एकदा, शियांगमध्ये एकदा, विभागात दोनदा, मग कोर्टात परत. प्रत्येक खेपेला बाई त्याच घरी परत जायची आणि तिथे मार वाट पाहत असायचा.

तिसरा अडसर म्हणजे तिच्यावरचा संशय. घटस्फोट मागते म्हणजे बाहेर कुणीतरी आहे, असा निष्कर्ष काढून मिलिशियाचे लोक पाळत ठेवत, बाईला बांधून सभेपुढे उभं करत. कायद्याच्या अंमलबजावणीच्या तपासणीत असे प्रकार इतके सापडले की सप्टेंबर १९५१ मध्ये मध्यवर्ती सरकारने त्यासाठी स्वतंत्र आदेश काढला.

थोडी आणखी कलमं, कारण लेखात ती हमखास चुकतात. बायको गरोदर असताना आणि बाळंतपणानंतर वर्षभर नवऱ्याला घटस्फोट मागता येत नाही. बायकोला मात्र त्या काळातही मागता येतो (कलम १८). अंगावरचं मूल आईकडे राहतं आणि त्याच्या खर्चाची जबाबदारी बापावर. लग्नाआधीची बाईची मालमत्ता तिचीच. बाकीच्या मालमत्तेवर एकमत झालं नाही तर न्यायालयाने बायको आणि मुलांचं हित पाहून ठरवायचं. संसारासाठी झालेलं कर्ज सामाईक मालमत्तेतून फिटलं नाही तर उरलेलं नवऱ्याने फेडायचं.

आणि सैनिकाची बायको हा मोठा अपवाद. नवरा सैन्यात असेल आणि घरी पत्रव्यवहार चालू असेल तर त्याच्या संमतीशिवाय घटस्फोट नाही. कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षं पत्र आलं नाही तरच दावा उभा राहतो. ऑक्टोबर १९५० पासून कोरियाच्या युद्धात लाखो सैनिक गेले, त्यामुळे हा अपवाद किती घरांना लागू झाला असेल ते लक्षात घ्या.

बांधकरी

तळटीप यांनी कोर्टापर्यंतची वाट छान मांडली. जमिनीचं मी सांगतो. माझ्या मते ही गाठ सोडवल्याशिवाय विवाह कायदा समजतच नाही.

विवाह कायदा १ मे १९५० चा, भूसुधारणा कायदा ३० जून १९५० चा. दोन महिन्यांचं अंतर. दोन्ही एकाच गावात, त्याच माणसांच्या हातून राबवायचे होते. पहिल्याने गरीब शेतकऱ्याला सांगितलं, तुझी बायको तुझी मालमत्ता नाही. दुसऱ्याने त्याच माणसाला सांगितलं, ही जमीन आता तुझी मालमत्ता आहे. कम्युनिस्ट पक्षाला गावात सत्ता उभी करायची होती ती याच माणसाच्या खांद्यावर. दोन्हींत ओढाताण झाली तेव्हा कुठला कायदा मागे सारला गेला, हे सांगायला नको.

फेरवाटपाची पद्धत थोडक्यात अशी. सुगी संपल्यावर बाहेरून कार्यपथक गावात यायचं आणि वसंतातल्या नांगरणीच्या आत काम उरकायचं. म्हणून नव्याने ताब्यात आलेल्या प्रदेशांत तीन हिवाळे लागले: १९५०-५१, १९५१-५२, १९५२-५३. पथक सर्वांत गरीब घरांत राहायचं, त्यांच्याशी ओळख वाढवायचं, त्यांच्याकरवी पुढच्या घरांत शिरायचं. मग सभा. तिथे सोसलेलं दुःख सगळ्यांपुढे बोलायला लावायचे. त्यानंतर वर्ग ठरवणं: जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी, शेतमजूर. प्रत्येकाने आपला वर्ग स्वतः सांगायचा, सभेने त्यावर चर्चा करायची, यादी भिंतीवर लावायची, हरकती घ्यायच्या, पुन्हा लावायची आणि वरून मंजुरी आली की अंतिम यादी. निकष मुक्तीच्या (म्हणजे कम्युनिस्टांचा ताबा येण्याच्या) आधीच्या तीन वर्षांच्या स्थितीचा. मध्यम आणि श्रीमंत यांच्यातली रेघ दुसऱ्याच्या श्रमातून आलेल्या उत्पन्नावर ठरायची: एकूण उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत असेल तर सधन मध्यम, त्यापुढे श्रीमंत.

जमीनदाराच्या पाचच गोष्टी जप्त करायच्या होत्या: जमीन, कामाची जनावरं, अवजारं, जास्तीचं धान्य आणि खेड्यातली जास्तीची घरं. प्रत्यक्षात पुरलेल्या चांदीच्या शोधात छळ झाला, माणसं मारली गेली. फेरवाटपात किती जीव गेले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दहा ते वीस लाखांचा अंदाज वारंवार दिला जातो. लेखात हे गाळू नका. याच सभांत लोकांना बोलायची सवय लागली आणि मारायचीही. मिलिशिया घटस्फोट मागणाऱ्या बाईला बांधून सभेत आणते, तेव्हा ती नवं काही करत नसते. जमीनदारासाठी शिकलेली पद्धत ती बाईवर वापरते.

आता तुमचा नेमका प्रश्न, वाट्याचा. वाटप शियांग हे एकक धरून दरडोई झालं. बायका, म्हातारे, पोरं सगळी डोकी मोजली गेली. म्हणजे बाईच्या नावे हिस्सा होता. पण मालकीपत्र घराला मिळायचं. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहावीत अशी सूचना असे, काही ठिकाणी बाईसाठी वेगळं पत्रही दिलं गेलं, पण बऱ्याच ठिकाणी कुटुंबप्रमुखाचंच नाव पडलं. एकूण सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना ७० कोटी मू जमीन मिळाली (१५ मू म्हणजे एक हेक्टर). माणशी दोन-अडीच मू होतात. एवढ्याशा तुकड्यातून बायकोचा वाटा बाहेर गेला तर घर उघड्यावर पडतं, ही भीती खोटी नव्हती.

म्हणून गणित असं व्हायचं. नवऱ्याच्या घराने देज दिलेलं असतं, बहुतेकदा कर्ज काढून. बायको गेली की देज बुडालं, काम करणारे दोन हात गेले आणि तिच्या डोक्यामागे मिळालेली जमीनही गेली. दुसरी बायको आणायला पुन्हा पैसा कुठून आणणार? गावात लग्नाविना राहिलेले गरीब पुरुष आधीच खूप होते. सासूचा तर दुहेरी तोटा: तरुणपणी सोसलं ते सून आल्यावर फिटेल ही तिची आयुष्यभराची आशा होती. लोक या कायद्याला "घटस्फोटाचा कायदा" म्हणायचे ते रागाने.

हिस्सा मिळाला तरी बाई तो उचलून नेऊ शकत नाही. जमीन नवऱ्याच्या गावात, माहेर दुसरीकडे, कारण त्याच कुळात लग्न होत नसे. कायद्याने जमीन विकता वा कसायला देता येत होती. पण विकत घेणार कोण? नवऱ्याचे चुलतभाऊ. त्यामुळे बऱ्याच निकालांत थोडं धान्य, कपडे, अंथरूण, क्वचित रोख यांवर तडजोड व्हायची आणि जमीन सोडून द्यायची. त्यातल्या त्यात नीट सुटायची ती दुसऱ्या गावात पुनर्विवाह ठरलेली बाई, कारण तिला तिथे घर होतं. एकटीने राहणारी घटस्फोटित बाई खेड्यात जवळजवळ अशक्यच होती.

सोनसळी

खूप आभार दोघांचे. जमिनीची बाजू मी वेगळ्या प्रकरणात टाकली होती, आता दोन्ही एकत्र आणावी लागणार.

दोन शंका. पहिली: त्या काळी पाचातल्या चारांहून जास्त लोक निरक्षर होते, खेड्यातल्या बायका तर जवळजवळ सगळ्याच. मग कायदा त्यांना कळला कसा? दुसरी: पक्षाला या विरोधाचा अंदाज आधी नव्हता का?

रानजाई

दुसरीचं आधी, कारण उत्तर सरळ आहे. अंदाज पुरता होता. जियांगशीच्या सोव्हिएतमध्ये (दक्षिणेतल्या, पक्षाच्या ताब्यातल्या प्रदेशात) डिसेंबर १९३१ च्या विवाह नियमांत एकाने जरी आग्रह धरला तरी घटस्फोट द्यावा, अशी तरतूद होती. लाल सैन्यातले शेतकरी सैनिक बिथरले आणि १९३४ च्या कायद्यात सैनिकाच्या संमतीची अट आली. तळटीप यांनी सांगितलेलं सैनिकांचं कलम त्याचंच रूप आहे. पुढे येनानच्या काळात (येनान हे तेव्हा पक्षाचं मुख्य ठाणं), फेब्रुवारी १९४३ मध्ये, पक्षाने स्त्रियांच्या कामाचा रोखच बदलला: सासू-नवऱ्याविरुद्धचा लढा मागे, सूतकताई, विणकाम आणि शेतीउत्पादन पुढे. म्हणजे १९५० च्या आधी दोनदा माघार घेऊन झाली होती. असं असूनही १९५० चा मसुदा घटस्फोटाबाबत इतका मोकळा ठेवला गेला. त्यात डेंग यिंगछाओ यांच्यासारख्या स्त्री नेत्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा आहे. त्यांचं म्हणणं होतं की एकाच्या मागणीवर घटस्फोट मिळाला नाही तर खेड्यातल्या बाईला या कायद्याचा उपयोगच नाही, कारण नवरा संमती देणार नाही. पुढे नेमकं तेच घडलं.

आता कळलं कसं. वाचून नव्हे, ऐकून आणि पाहून.

जानेवारी १९५१ मध्ये पक्षाने देशभर प्रचारकांचं जाळं उभारायचा निर्णय घेतला. गावोगाव एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचा, बाकीचे ऐकायचे. रेडिओ ऐकून मजकूर उतरवून घेणारे होते, तो फळ्यावर लिहिला जायचा. हिवाळ्यात शेतीची कामं थांबली की हिवाळी शाळा भरायच्या, त्यात अक्षरओळखीच्या धड्यांत कायद्याची वाक्यं असत. नववर्षाला दारावर चिकटवायची रंगीत चित्रं खेड्यात घरोघरी घेतली जात. नोव्हेंबर १९४९ मध्येच सांस्कृतिक मंत्रालयाने या चित्रांचे विषय बदलायचे आदेश दिले होते. देवादिकांच्या जागी नोंदणी कचेरीतलं जोडपं, ट्रॅक्टर चालवणारी बाई, शाळेत जाणारी सून आली.

पण सगळ्यांत परिणामकारक ठरली ती गायननाट्यं. "ल्यू छियाओअर" हे त्यातलं नाव. त्यामागची घटना खरी आहे. १९४३ मध्ये पक्षाच्या ताब्यातल्या शेन्शी-गान्सू-निंगशिया सीमाप्रदेशात फंग फंगअर नावाच्या मुलीचं लग्न लहानपणी ठरलं होतं. पुढे जास्त देज मिळतंय म्हणून बापाने ते मोडून दुसरीकडे ठरवलं. पहिल्या घराने तिला पळवून नेलं. काउंटीने ते लग्न रद्द केलं. मुलगी न्यायाधीश मा शीवू यांच्याकडे दाद मागायला गेली. त्यांनी गावात येऊन लोकांसमोर सुनावणी घेतली, मुलीला तिची इच्छा विचारली, तिला तोच मुलगा हवा होता म्हणून लग्न कायम केलं आणि देज घेणाऱ्या बापाला व पळवून नेणाऱ्यांना शिक्षा केली. यात कायद्याचे तीनही मुद्दे गोष्टीतून कळतात: देज गुन्हा, बळजबरी गुन्हा, मुलीची इच्छा निर्णायक. १९५० नंतर हेच कथानक फिंगच्यू या उत्तरेकडच्या गायननाट्य शैलीत शिन फंगशिया यांनी गाजवलं आणि १९५६ मध्ये त्याचा चित्रपट झाला.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. नाटकांत बहुतेक वेळा लग्न जमतं, मोडत नाही. तरुण-तरुणी प्रेमात, आईबाप आडवे, कार्यकर्ता मदतीला, शेवट गोड. नवऱ्याला सोडणारी चाळिशीची बाई त्या रंगमंचावर फारशी येत नाही. लोकांपर्यंत कायद्याचा जो अर्धा भाग पोचला तो हा, आणि टिकलाही तोच. स्वतः पाहून, दोघांच्या होकाराने लग्न ठरवणं हळूहळू रुळलं. घटस्फोटाचा भाग मागे पडला.

लग्नसोहळ्याबद्दल लिहिणार असाल तर आकाश-पृथ्वी आणि पूर्वज यांना वाकून नमस्कार करायच्या जागी माओंच्या चित्राला नमस्कार, पालखीऐवजी पायी किंवा गाढवावरून येणारी नवरी, छातीवर कागदी फूल, हे सगळं नव्या पद्धतीचं लग्न म्हणून दाखवलं जायचं. देज मात्र नावं बदलून चालू राहिलं: कपडे, कापूस, धान्य, "भेट" म्हणून. सप्टेंबर १९५४ पासून कापड रेशनवर आलं, मग कापडाची कुपनंच भेटीत आली. वयाची चोरीही सर्रास. जुन्या चिनी हिशोबात मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि प्रत्येक नववर्षाला आणखी एक. त्या हिशोबाने १८ ची मुलगी प्रत्यक्षात १६-१७ ची असते, आणि जन्मनोंद नसल्याने नोंदणी कारकुनाला ताडून पाहायला काही साधन नव्हतं.

उत्तररात्र

वरच्या तिन्ही प्रतिसादांतून, न म्हणताही, कायदा हरला असं चित्र उभं राहतंय. त्याला माझी हरकत आहे.

१९५३ मध्ये देशभरातल्या न्यायालयांत घटस्फोटाची सुमारे ११ लाख ७० हजार प्रकरणं आली. इतक्या दाव्यांमागे तितकी माणसं आहेत, बहुतेक बायका, आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येने खेड्यातल्या. पत्र मिळालं नाही तर पत्राविना जाणाऱ्या, विभागात दाद लागली नाही तर चालत काउंटीला जाणाऱ्या, एका कचेरीने नाही म्हटलं तर शेजारच्या विभागात जाऊन बसणाऱ्या. शहरातला शिकलेला वर्ग अब्रूला, नोकरीला आणि राजकीय नोंदींना जपून असायचा. खेड्यातल्या बाईला बोलण्याचा संकोच कमी होता, आणि भूसुधारणेच्या सभांनी तिला सरकारी माणसापुढे उभं राहून तक्रार मांडायला शिकवलं होतं. बांधकरी यांनी त्या सभांची काळी बाजू सांगितली ती खरी आहे, पण त्यांची ही बाजूही तितकीच खरी आहे. दुःख मांडायची जी भाषा जमीनदाराविरुद्ध वापरली, तीच बायकांनी सासूविरुद्ध वापरली.

किंमत भयंकर होती, तीही सांगितलीच पाहिजे. १९५१ च्या सरकारी आदेशातच चीनच्या मध्य-दक्षिण प्रदेशात वर्षभरात दहा हजारांच्या आसपास बायका लग्नाच्या जाचातून मारल्या गेल्या किंवा त्यांनी जीव दिला, अशी नोंद आहे. १९५३ मध्ये देशभराचा अंदाज वर्षाला ७० ते ८० हजार मृत्यूंचा दिला गेला. हे सरकारचे स्वतःचे आकडे आहेत. ते वापरताना एक काळजी घ्या: हे सगळे मृत्यू "घटस्फोट मागितला म्हणून" झालेले नाहीत. त्यात आधीपासून चालत आलेला छळ, विधवेवरची जबरदस्ती, प्रेमप्रकरणं, सगळं धरलेलं आहे. पूर्वी असे मृत्यू कुणी मोजतच नसे. कायद्यामुळे मारल्या गेल्या किती आणि कायद्यामुळे मोजल्या गेल्या किती, हे त्या आकड्यांतून वेगळं करता येत नाही.

मार्च १९५३ ची मोहीम लेखात नक्की घ्या. महिनाभर देशभर विवाह कायद्याचा प्रचार, आधी कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, मग सभा. पण फेब्रुवारीतल्या सूचना वाचल्या की पक्ष किती सावध झाला होता ते दिसतं. भूसुधारणा पुरी न झालेले आणि अल्पसंख्याक वस्तीचे प्रदेश मोहिमेतून वगळले. भूसुधारणेसारखा वर्गसंघर्ष इथे करायचा नाही, घरातल्या साध्या भांडणांत शिरायचं नाही, विवाहबाह्य संबंध उकरायचे नाहीत, सर्वसाधारण नवऱ्या-सासूंना समजावून सांगायचं. शिक्षा फक्त खून, आत्महत्येला भाग पाडणं, गंभीर मारहाण अशा प्रकरणांत. मोहीम संपल्यावर विषय मागे पडला आणि घटस्फोटाचे दावे उतरत १९५६ पर्यंत निम्म्याच्या आसपास आले. न्यायालयं पुन्हा समेटाकडे झुकली. मला विचाराल तर कायदा विरोधामुळे मोडला नाही. दावे वाढत होते तेव्हाच सरकारने हात आखडता घेतला. अंमलबजावणीची मागणी खालून होती, पाठबळ वरून कमी पडलं.

उपपत्नींबद्दल कुणी बोललं नाही. बंदी पुढच्यासाठी होती. १९५० च्या आधीचे असे संबंध सरकारने आपणहून मोडले नाहीत. पण त्यातल्या बाईने घटस्फोट मागितला तर तो द्यायचा, अशी भूमिका होती. शहरांतल्या व्यापारी घरांत याचा उपयोग बराच झाला.

बांधकरी

उत्तररात्र, न्यायालयापर्यंत पोचलेल्या बायकांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण "पाठबळ कमी पडलं" याचं कारण १९५३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सापडतं. धान्याची एकाधिकार खरेदी-विक्री त्याच वेळी सुरू झाली. गावातून धान्य काढायचं काम त्याच कार्यकर्त्यांवर आलं. पाठोपाठ सहकारी शेती. कुटुंबाला हात लावून गावाशी वैर घ्यायची सरकारची तयारी उरली नाही.

आणि सहकारीकरणाने बाईच्या वाट्याचा प्रश्नच बदलून टाकला. जुलै १९५५ मध्ये माओंनी वेग वाढवायला सांगितला आणि १९५६ अखेरीस बहुसंख्य शेतकरी कुटुंबं उच्च सहकारी संस्थांत होती, जिथे जमिनीचा लाभांश बंद आणि फक्त श्रमगुणांवर (दिवसाच्या कामासाठी मांडलेल्या गुणांवर) वाटप. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी मालकीपत्रावर बाईचं नाव लिहिलं असो वा नसो, त्या पत्रालाच अर्थ राहिला नाही. आता तिचं स्थान श्रमगुणांवर ठरणार.

तिथे नवा अन्याय उभा राहिला. शान्शीच्या फिंगशुन काउंटीतल्या शीगोउ गावात पुरुषाला दिवसाचे १० गुण, बाईला ५. काम तेच. तिथल्या शेन चीलान यांनी बायकांना जमवून खत पसरण्यासारख्या कामांत पुरुषांशी स्पर्धा लावली, कामाचं माप सगळ्यांसमोर दाखवलं आणि गुण समान करून घेतले. जानेवारी १९५३ मध्ये पक्षाच्या मुख्य वर्तमानपत्राने ही हकीगत छापली आणि सप्टेंबर १९५४ च्या राज्यघटनेत समान हक्क आले. पण शीगोउ आदर्श गाव होतं. इतरत्र बाईचे गुण पुरुषाच्या सहा-आठ दशांशांवरच राहिले, "जड काम" पुरुषाचं आणि "हलकं काम" बाईचं अशी वाटणी करून. शिवाय गुणांचा हिशोब वर्षअखेरीस घराच्या नावावर चुकता व्हायचा, म्हणजे धान्य आणि रोख कुटुंबप्रमुखाच्या हाती. घर सोडणाऱ्या बाईच्या हातात मालकीपत्रही नाही आणि स्वतंत्र खातंही नाही. लेखात या दोन टप्प्यांची सरमिसळ होऊ देऊ नका: १९५१ ची अडचण जमिनीच्या वाट्याची, १९५६ ची अडचण हिशोबाच्या वहीची.

तळटीप

आकडे वापरताना एक तांत्रिक सूचना. न्यायालयातली प्रकरणं आणि विभागात परस्परसंमतीने नोंदवलेले घटस्फोट या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, त्या एकत्र करू नयेत. तसंच "प्रकरणं आली" म्हणजे "घटस्फोट मिळाले" नव्हे. बरीच प्रकरणं समेटाने मिटली किंवा बाईने मागे घेतली. आणि मोहिमेच्या काळातले अहवाल ठरावीक साच्यात लिहिलेले असतात: आधी यश, मग "काही ठिकाणी" दिसलेले दोष, मग दोन-तीन भडक उदाहरणं, मग सूचना. या साच्यातलं "काही ठिकाणी" हे शब्द जिथे येतील तिथे थांबून वाचा, खरी माहिती तिथे असते.

सोनसळी

एकेका मुद्द्याने प्रकरण उलगडत गेलं. रचना आता अशी करते: कलम १७ पासून सुरुवात, मग गावातली वाट, मग जमीन, मग १९५३, मग श्रमगुण. शेवटचा प्रश्न, हा कायदा पुढे किती काळ चालला? मधे बदल झाले का?

तळटीप

कायद्याचा मजकूर तीस वर्षं तसाच राहिला, बदलला तो वापर. १० सप्टेंबर १९८० ला नवा विवाह कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८१ पासून लागू. वय पुरुषाचं २२ आणि बाईचं २० झालं, कुटुंबनियोजन कलमांत आलं. घटस्फोटाच्या बाबतीत, परस्परांतला जिव्हाळा खरोखरच संपला असेल आणि समेट फसला असेल तर न्यायालयाने घटस्फोट द्यावा, असा निकष पहिल्यांदा कायद्यात लिहिला गेला. सैनिकाच्या संमतीची अट तिथेही कायम राहिली.